डावखुरीचं पिस्तूल

हातात आल्यावर पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे मूठ आवळली. खट्ट. सोडली. पुन्हा खट्ट. टेबलापलीकडचे, पिस्तूल विकणारे गृहस्थ गालात हसत होते. "सगळे हेच करतात," म्हणाले. "माझ्या पुतण्याने पहिल्या दिवशी तासभर केलं. शेवटी काढून घेतलं त्याच्याकडून."

पिस्तूल म्हणजे हेकलर उंड कॉख या जर्मन कंपनीचं पी-७. पिस्तुलांमध्ये गम्य नसलेल्यांसाठी एवढंच सांगते, की याची मुठीची पुढची बाजू आत दाबली जाते. तिन्ही बोटांनी ती आवळली की आतली फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आदळणारी सुई) ताणली जाते, पिस्तूल तयार. मूठ सैल केली की पिन परत ढिली, पिस्तूल झोपलं. वेगळी सेफ्टी नाही, अंगठ्याने वरखाली करायचा खटका नाही. हातातून निसटलं तर जमिनीवर पोचण्याआधीच ते निरुपद्रवी झालेलं असतं. २००८ नंतर हे बनलेलं नाही. मी घेतलेलं १९८४ सालचं आहे.

दोन वर्षं शोधत होते. एवढा आटापिटा का, तर मी डावखुरी आहे.

हे कारण उजव्या हाताच्या लोकांना फुसकं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी दंतवैद्य आहे. माझ्या व्यवसायातली खुर्ची, तिचा दिवा, ड्रिल अडकवायची जागा, पेशंटने चूळ भरायचं भांडं, सगळं उजव्या हाताच्या डॉक्टरला धरून मांडलेलं असतं. शिकत असताना पहिली दोन वर्षं मी पेशंटच्या छातीवरून हात ओलांडून काम केलं. पाठ तेव्हाच गेली. पुढे स्वतःचा दवाखाना झाल्यावर मी खुर्चीची सगळी मांडणी उलटी करून घेतली, आणि ते काम करणारा माणूस दिवसभर माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याला छप्पर खाली आणि फरशी वर लावायला सांगितली आहे. नेमबाजीच्या रेंजवरही तीच कथा. सेफ्टीचा खटका उजव्या अंगठ्यासाठी, मॅगझिन (मुठीत सरकवायची गोळ्यांची पेटी) सोडायचं बटण उजव्या अंगठ्यासाठी, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) सोडायची पट्टी उजव्या अंगठ्यासाठी. अलीकडच्या पिस्तुलांत काही भाग दोन्ही बाजूंना देतात किंवा फिरवून बसवता येतात, त्याबद्दल आभार. पण त्यात नेहमी 'तुमचीही सोय केली आहे हं' असा एक सूर असतो.

पी-७ मध्ये सोय केलेली नाही, गरजच ठेवलेली नाही. आवळायची पट्टी मुठीच्या पुढे, बरोबर मध्ये. कुठल्याही हाताने आवळा. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे अडकते, नवं मॅगझिन सारून मूठ आवळली की तीच पट्टी स्लाइडही पुढे सोडते. मूळच्या पोलिसी पी-७ मध्ये मॅगझिनचा खटका मुठीच्या तळाशी, टाचेला असतो. यावर लोक नाकं मुरडतात, मॅगझिन बदलायला वेळ लागतो म्हणतात. लागतो. पण तो उजव्यांना आणि डाव्यांना सारखाच लागतो, आणि मला तेवढ्यावर समाधान आहे. (झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या मात्र याच्याही उजवीकडेच उडतात. सगळं कसं मिळणार.)

हे पिस्तूल असं का झालं, त्याचं मूळ जर्मनीच्या पोलिसांत आहे. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हत्याकांडानंतर पश्चिम जर्मनीने आपल्या पोलिसांकडे काय आहे ते नीट बघितलं, तर बहुतेकांच्या कमरेला ७.६५ मिलिमीटरची छोटी पिस्तुलं. त्यांना आता ९ मिलिमीटरचं हवं होतं, आणि अशा अटीवर की ते भरलेलं बाळगता यावं, झटकन चालवता यावं, पण घाबरलेल्या पोलिसाला सेफ्टी काढायची आठवण ठेवावी लागू नये. या एकाच प्रश्नाला तीन कंपन्यांनी तीन उत्तरं दिली. वॉल्थरचं झालं पी-५, सिग-सावरचं पी-६ आणि हेकलर उंड कॉखचं पी-७. पहिल्या दोघांनी चाप जड ठेवून प्रश्न सोडवला. हेल्मुट वेल्डले या रचनाकाराने सेफ्टी थेट मुठीत घातली. माणसाला पिस्तूल चालवायचं असेल तर तो ते घट्ट धरणारच, मग त्या धरण्यालाच कामाला का लावू नये? एखादी गोष्ट सुचल्यावर इतकी साधी वाटते की आपल्याला का सुचली नाही म्हणून राग यावा, त्यातली ही. १९७९मध्ये ते आलं. बव्हेरियाच्या पोलिसांनी घेतलं, जीएसजी-९ या जर्मन दहशतवादविरोधी पथकाने घेतलं.

आता खरेदीचं.

या पिस्तुलाआधी मी एक सोडलं होतं. तेही याच घराण्यातलं, पी-७ एम-८, म्हणजे नंतरची सुधारलेली आवृत्ती. मॅगझिनचा खटका चापाच्या मागे, दोन्ही बाजूंनी चालणारा. फोटोत अप्रतिम होतं. हातात घेतल्यावरही अप्रतिम होतं, आणि तिथेच शंका आली. इतक्या वर्षांच्या पिस्तुलावर एक ओरखडा नाही? उजेडात तिरकं धरून बघितलं तर स्लाइडवरच्या कोरीव अक्षरांच्या कडा गोल झालेल्या होत्या. कुणीतरी घासूनपुसून, पॉलिश मारून पुन्हा काळा रंग चढवला होता. आमच्याकडे असे दात येतात. वरून पांढरीशुभ्र कॅप, आणि एक्स-रे काढला की खाली मूळ कुजलेलं. स्लाइडवरचा आणि चौकटीवरचा, म्हणजे खालच्या मुठीच्या भागावरचा, नंबर जुळतो का बघितलं. जुळत नव्हता. विकणारा म्हणाला, "चालतं हो ते, काही फरक पडत नाही." फरक पडत असेल किंवा नसेल, पण दोन पिस्तुलांचं मिळून एक केलं आहे हे त्याने आधी सांगितलं नाही, मी विचारल्यावर सांगितलं. मी उठले.

हे दुसरं मात्र बघताक्षणी दरिद्री दिसत होतं. पुढच्या टोकाशी, जिथे ते रोज होल्स्टरमध्ये आतबाहेर झालं असेल तिथे, काळा रंग जाऊन नुसतं पोलाद चमकत होतं. मुठीच्या उजव्या बाजूच्या प्लास्टिकच्या पट्टीला केसाएवढी चीर. नवऱ्याने फोटो बघून विचारलं, "अगं, पण हे एवढं मार खाल्लेलं कशाला घेतेस?" त्याला समजावलं की पोलिसांचं पिस्तूल कमरेला वर्षानुवर्षं लटकतं आणि वर्षातून मोजक्या वेळा सरावापुरतं झाडलं जातं. बाहेरून झिजतं, आतून कोरं राहतं. संग्राहकाच्या पिस्तुलाचं कधीकधी नेमकं उलट असतं. त्याला पटलं नाही. तो गाड्यांच्या बाबतीतही रंग बघून निर्णय घेतो.

तर त्या टेबलावर बसून मी काय काय बघितलं ते लिहिते, कारण पी-७ शोधणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आधी अर्थातच मॅगझिन काढलं, स्लाइड मागे घेतली, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा बघितलं. मग खुणा. हेकलर उंड कॉख सालाच्या जागी दोन अक्षरं ठोकते. ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, सी म्हणजे दोन असं पुढे, आणि मध्ये जे हे अक्षर गाळलेलं. माझ्यावर आय आणि ई होतं, आठ आणि चार, म्हणून १९८४. शेजारी गरुड आणि त्याखाली एन, म्हणजे धूरविरहित दारूने चाचणी झाली आहे, आणि हरणाचं छोटंसं शिंग. शिंग ही जर्मनीतल्या उल्म शहराच्या चाचणीगृहाची खूण. नंबर जुळले, दोन्ही ठिकाणी, आणि आकड्यांच्या कडा धारदार होत्या.

मग नळी. या पिस्तुलात हीच सगळ्यात महत्त्वाची, कारण ती चौकटीत पक्की बसवलेली असते. इतर बहुतेक पिस्तुलांसारखी हाताने काढून दुसरी टाकता येत नाही. मागचं बटण दाबून, स्लाइड मागे ओढून वर उचलली की ती निघते आणि नळी जागच्या जागी राहते. मी पर्समधून दात बघायचा आरसा काढला. गृहस्थांच्या भुवया वर गेल्या. चेंबरच्या बाजूने आरसा, पुढून छोटा टॉर्च. आत नेहमीसारखे, गोळीला फिरकी देणारे धारदार आटे दिसत नाहीत. पी-७ची नळी बहुकोनी असते, गोलसर कडांची, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की झिजून गुळगुळीत झाली. झिजलेली नसते, तशीच असते. चेंबरच्या भिंतीत मात्र उभ्या बारीक खाचा असतात. त्यांतून जळलेल्या दारूचा गॅस पुंगळीच्या भोवती शिरतो आणि पुंगळी चिकटत नाही. त्या खाचा स्वच्छ, सरळ, सगळ्या मोजता येत होत्या.

आणि नळीच्या तळाशी, चेंबरच्या जरा पुढे, एक भोक. पी-७चं सगळं नाटक या भोकात आहे. गोळी सुटली की थोडा गॅस इथून नळीखालच्या सिलिंडरमध्ये शिरतो. स्लाइडच्या पुढच्या टोकाला एक पिस्टन लोंबत असतो, तो या सिलिंडरमध्ये बसतो. स्लाइड मागे यायला बघते आणि गॅस पिस्टनला पुढे रेटतो, म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडून दाब उतरेपर्यंत तिचा गॅसच स्लाइडला थोपवून धरतो. कल्पना वेल्डलेची एकट्याची नव्हे. महायुद्धाच्या अगदी अखेरीस जर्मनीने घाईघाईने बनवलेल्या व्हीजी १-५ या बंदुकीतही गॅसने असंच अडवून धरायची युक्ती होती. पण मुठीएवढ्या पिस्तुलात ती अशी बसवणं वेगळंच. नळी हलत नाही, तिरपी होत नाही, हाताच्या अगदी जवळ खाली बसते. म्हणून झटका वर न उसळता सरळ मागे तळहातात येतो.

पिस्टनच्या कडेला खड्डे नव्हते. भोकाची कड शाबूत. फायरिंग पिनला धरून ठेवणारी छोटी नळकांडी कुठलंही हत्यार न वापरता दाबून, वळवून निघते, ती काढून पिनचं टोक बघितलं. मग पुन्हा जोडून मूठ हळूहळू आवळली, अगदी हळू, आणि स्लाइडच्या मागून पिनचं शेपूट बाहेर येतंय का ते बघितलं. तयार असल्याची ती खूण. अंधारातही अंगठ्याला कळते. कुठे अडखळलं नाही, खरखरलं नाही. आवळायला साधारण ७० न्यूटन जोर लागतो, म्हणजे ७ किलोचं वजन उचलण्याइतका. एकदा आवळली की धरून ठेवायला किलोभरही लागत नाही. माझ्या हाताला जोराचं भय नाही, दिवसभर दाढा उपटते.

कागदपत्रांना लागतो तेवढा वेळ लागला. परवाना, नोंद, हस्तांतर. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि नसावंच.

वाट बघण्याच्या त्या काळात मी सुटे भाग जमवले. पिस्तूल घरी यायच्या आधी. हे धंद्यातून शिकलेलं शहाणपण. एका कंपनीने आपल्या इम्प्लांटची एक मालिका बंद केली, आणि काही वर्षांनी माझ्या पेशंटचा आतला स्क्रू सैल झाला. जबड्यातलं इम्प्लांट ठणठणीत, वरचा दात ठणठणीत, आणि मधला तांदळाएवढा स्क्रू जगात कुठे मिळेना. तेव्हापासून बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूकडे मी त्या स्क्रूच्या नजरेने बघते. वस्तू टिकेल का हा प्रश्न नसतोच. तिच्यातला सगळ्यात क्षुल्लक भाग टिकेल का, हा असतो. तर नळीभोवतीची मोठी स्प्रिंग दोन नग, फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा. एक्स्ट्रॅक्टरची गंमत म्हणजे चेंबरमधल्या त्या खाचांमुळे तो नसला तरी पुंगळी गॅसच्या जोरावर बाहेर येते. तरीही घेतला. दंतवैद्य आहे, एखादा दात नसला तरी चालतं असं मी म्हणायचं नसतं.

आणि माझी फजितीही याच काळात झाली. सोबत दोन मॅगझिन मिळणार होती, मला चार हवी होती. एक छान, कोरं, पाकिटबंद मॅगझिन दिसलं, 'पी-७, ८ गोळ्या' असं लिहिलेलं. घेतलं. पिस्तूल आल्यावर सारून बघितलं तर बसेना. दोन दिवस मला वाटलं खटक्यात काही तरी अडकलंय. टॉर्च, आरसा, तेल, सगळं झालं. मग जुनं आणि नवं शेजारी ठेवलं आणि डोक्यात उजेड पडला. नवं एम-८चं होतं. दोन्हीत ८ गोळ्या, दोन्ही पी-७, पण खटक्याची जागा बदलली म्हणून मॅगझिनही बदललं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. विकणाऱ्याचा दोष नव्हता, त्याने जे लिहिलं ते खरंच होतं. माझ्या आधीच्या दोन वर्षांच्या अभ्यासाचा दोष होता, जो मी सगळ्यांना ऐकवत फिरत होते.

रेंजवरचा पहिला दिवस. पहिल्या मॅगझिनच्या आठही गोळ्या टार्गेटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात. मी इतकी खजील झाले की टार्गेट जवळ ओढून न घेता तसंच लांब राहू दिलं. दुसऱ्याही तिथेच. शेजारच्या लेनमधल्या एका जुन्या नेमबाजाने विचारलं, "आवळून झाल्यावर हात सैल सोडता का?" सोडत नव्हते. ७ किलोच्या जोराने आवळत होते आणि त्याच जोराने आवळलेली ठेवत होते. पूर्ण हात ताठ, बोटं पांढरी, आणि त्यात चापाचं बोटही बाकीच्यांबरोबर आवळलं जात होतं. दंतवैद्याचीही पहिल्या वर्षाची चूक हीच असते, हत्यार दाबून धरणं. मूठ एकदा आवळायची, 'खट्ट' ऐकायचं, मग अर्धी पकड सोडून द्यायची. आणि आवळताना बोट चापापासून लांब, बाहेर सरळ. तिसऱ्या मॅगझिनच्या आठांपैकी सहा मध्यात आल्या. चाप मऊ नाही, पण कोरा करकरीत सुटतो, साधारण २ किलोला, आणि प्रत्येक वेळी तसाच. पहिल्या गोळीला जड आणि पुढच्यांना हलका असा प्रकार नाही. पी-५ आणि पी-६ वाल्यांनी यावर विचार करावा.

मग ते तापलं. याबद्दल वाचलं होतं, तरी पाचव्या मॅगझिननंतर चापाच्या वरच्या भागाला बोट टेकलं आणि मी हात झटकला. गॅसचा सिलिंडर नेमका बोटाच्या वर आहे, सगळी उष्णता तिथे. एम-८मध्ये मध्ये एक आवरण घातलंय, जुन्यात नाही. त्यामुळे हे पिस्तूल शंभर गोळ्या सलग झाडायचं नाहीच. तीस-चाळीस झाडायच्या, टेबलावर ठेवायचं, पाणी प्यायचं, शेजारच्याचं टार्गेट बघायचं. मला आवडलं हे. दिवसभर हातात हत्यार असणाऱ्या बाईला सक्तीची विश्रांती कोण देतं?

खाली पडलेल्या पुंगळ्या उचलल्या तर प्रत्येकीवर काजळीच्या उभ्या काळ्या रेघा, चेंबरच्या खाचांच्या. रेंजवर शंभर पुंगळ्यांच्या ढिगातून आपल्या ओळखू येतात.

बंद का केलं हे विचारतात लोक. मोठं कोडं नाही. चौकटीपासून सगळं पोलाद, सगळं कापून, घासून, नेमकं बसवलेलं, म्हणून महागडं. आणि १९८२मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने प्लास्टिकच्या चौकटीचं ग्लॉक पिस्तूल घेतलं, त्यानंतर प्लास्टिकची चौकट सगळीकडे गेली. हेकलर उंड कॉखनेही १९९३मध्ये प्लास्टिकचं यूएसपी आणलं. त्याआधी अमेरिकी सैन्याच्या १९८४च्या चाचण्यांत पी-७ची १३ गोळ्यांची मोठी आवृत्ती उतरली होती, जिंकलं इटलीचं बेरेटा. जरा मोठ्या, .४० कॅलिबरच्या गोळीचं एक पी-७ही काढलं त्यांनी, ते तर विटेसारखं जड झालं. चांगल्या रचनेला ओढून ताणून मोठं केलं की काय होतं ते त्यात दिसतं.

घरी येऊन साफसफाई. याच्यासोबत सिलिंडर खरवडायचं एक खास हत्यार आणि छोटा ब्रश मिळतो. सिलिंडरच्या भिंतीवर काजळीचा कडक थर बसतो आणि नुसत्या तेलाने तो जात नाही. शिशाच्या उघड्या गोळ्या वापरायच्या नाहीत त्याचंही कारण हेच, शिसं त्या भोकात आणि सिलिंडरमध्ये जाऊन बसतं. तांब्याचं आवरण असलेल्याच वापरायच्या. पहिल्या दिवशी मी ते हत्यार हातात घेतलं आणि मोठ्याने हसले. स्केलर आहे तो, हुबेहूब. दाताच्या मागचं कीट काढतो तीच हालचाल, आत घालून भिंतीला टेकवून बाहेर ओढायचं, आणि 'कर्र' आवाज बंद झाला की कळतं साफ झालं. त्या कामात मला दुसऱ्या कुणाची मदत नको आणि सल्लाही नको.

नवरा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "सुट्टीच्या दिवशीही तेच?"

चीर गेलेली पट्टी बदललेली नाही. बदलायला मिळते, पण अजून तुटलेली नाही, आणि तिच्यावरून मला कळतं की माझी करंगळी नेमकी कुठे यायला हवी. एम-८चं मॅगझिन दवाखान्यातल्या खणात बर्सच्या, म्हणजे ड्रिलच्या टोकांच्या, डबीशेजारी पडलंय. रविवारी पुन्हा रेंज. त्याआधी सिलिंडर एकदा बघायचाय, गेल्या वेळी घाईत अर्धवट सोडला होता.